दिव्याखालची कुल्फी

॥ श्री ॥
समडोळी, ता. १४ जानेवारी १९७८

चि. सौ. त्रिशला हिला आज्जीचे भरपूर आशीर्वाद, आणि जावईबापूंना त्यातलेच निम्मे.

पत्रास कारण की, तुझ्या धाकट्या बहिणीचं, राजमतीचं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला हाय. नवऱ्याकडची माणसं शांत हायत, बोलायचं काम आपल्यालाच पडणार. तुझ्या लग्नाचा बस्ता सांगलीत बांधला. त्यातल्या एका साडीनं पहिल्या धुण्यातच रंग सोडला, हे तू कुणाला बोलली न्हाईस तरी मला ठाऊक हाय. म्हणून मी जाहीर केलं की, औंदाचा बस्ता मुंबईत बांधायचा आणि साड्या मी निवडायच्या. तुझा बाप, आमचे तात्यासाहेब, दोन दिवस खर्चाचा हिशेब घालत बसले आणि तिसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन तिकिटं काढून आले. बाहुबलीचा डोंगर आणि एकदा श्रवणबेळगोळ, एवढाच माझा मुलुख. एकाहत्तर वर्षं झाली, अजून समुद्र बघितला न्हाई.

तर तू एक काम कर. कुठं काय घ्यायचं आणि कुठं काय खायचं ते सविस्तर लिही. माझं खाणं तुला माहीत हाय. कांदा, लसूण, बटाटा न्हाई. पाणी माझ्या फडक्यातनं गाळलेलं. आणि दिवस बुडला की तोंड बंद, बोलण्यापुरतं सोडून. बिराप्पाच्या देवळापुढच्या चिंचेमागं दिवस गेला की मी ताटावरनं उठते. गल्लीतली माणसं मला बघून घड्याळ लावतात.

कुपवाडच्या माझ्या सख्ख्या बहिणीनं, चंपानं, दिवे लागल्यावरचं जेवण सुरू केलं. त्याला अकरा वर्षं झाली. तवापासून मी तिच्या घरच्या पाण्याला शिवले न्हाई. तिच्या दारात बसते, पोटभर बोलते आणि तहानलेली परत येते. तुझ्या घरी मात्र पोटभर जेवणार. तिथं माझं वळण गेलंय.

लोभ हाय तेवढा पुरे, उत्तर तेवढं लांबलचक पाठव.

तुझी आज्जी, पद्माक्का

(हस्ते तुझी आई. सासूबाईंनी बोलतात तसंच लिहायला लावलंय. त्रिशला, उत्तर जरा सांभाळून लिही. — गुणमाला)


॥ श्री ॥
मुलुंड, ता. २४ जानेवारी १९७८

ती. आज्जीस त्रिशलाचा शि. सा. न. वि. वि.

तू येणार हे वाचून मी शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन सांगून आले. हे म्हणाले, मुंबईलाही आधी कळवून ठेवायला हवं.

आता सविस्तर. साड्यांना दादर. दुकानदार गादीवर बसवतात, एकेक घडी उलगडून ढीग करतात आणि काही घेतलं नाही तरी हसून निरोप देतात. पहिल्या दुकानात काही घ्यायचं नाही, नुसतं बघून उठायचं. पोलक्यांच्या कापडाला मंगळदास मार्केट. तिथल्या गल्ल्या जुळ्या बहिणींसारख्या आहेत, म्हणून कुठल्या रंगाच्या ताग्यापाशी वळलो ते ध्यानात ठेवायचं. बांगड्या, गोंडे, देवाची उपकरणी आणि स्टीलची भांडी भुलेश्वरला.

जेवायची काळजी करू नकोस. भुलेश्वरच्याच एका गल्लीत मारवाडी बाई घरात पंगत वाढतात. पायरीखाली चपला काढायच्या आणि पाटावर बसायचं. कांदा-लसूण त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, पाणी गाळलेलं असतं, आणि हात आडवा धरेपर्यंत फुलके पडत राहतात. यांच्या कचेरीजवळ समुद्राचा लांबच लांब कठडा आहे. तिथं शहाळी मिळतात, आणि एक भेळवाला कांदा-बटाटा वगळून कैरी आणि डाळिंबाचे दाणे घालून देतो. त्याला नुसतं जैन म्हटलं की कळतं. आपल्यासाठी एवढ्या मोठ्या शहरानं एक वेगळी भेळ ठेवली आहे, याचं मला पहिल्या दिवशी फार अप्रूप वाटलं.

आणि चौपाटीची कुल्फी खायलाच हवी. गाड्यांवरचे दिवे लागले की ती दुपारच्यापेक्षा दुप्पट गोड लागते.

फडकं विसरू नकोस. माझ्यावरची माया जशी आहे तशीच घेऊन ये, वाटेत कुणाला देऊ नकोस.

तुझी त्रिशला


॥ श्री ॥
समडोळी, ता. २ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. त्रिशला हिला आशीर्वाद. किती ते आल्यावर ठरवू.

तुझं पत्र तुझ्या आईनं वाचून दाखवलं. फुलक्यांपर्यंत आवाज कसा खणखणीत होता. भेळेपाशी पण झ्याक चाललं होतं. चौपाटीवर आली आणि हिला खोकला आला. खोकला संपला तवा ही एकदम फडक्यावर पोचली होती. मला अक्षर येत न्हाई, पण सत्तर वर्षं माणसांचे आवाज ऐकलेत. दुपारी केरबा पोस्टमन आला. त्याच्यापुढं ताक ठेवलं आणि पत्र पुन्हा वाचून घेतलं. त्याला काही खोकला आला न्हाई.

हे सगळं तुझ्या आईच्याच हातानं लिहून घेतेय. अक्षर वाकडं आलं असलं तर समजून घे.

तर मला एवढंच विचारायचं हाय. दुपारची कुल्फी तू खाल्लीस, बरं केलंस. पण दिव्याखालची दुप्पट गोड असती हे जिभेला कुणी सांगितलं? शेजारणीनं सांगितलं म्हणशील तर शेजारणीचं नाव कळव. तिला पण भेटीन.

मी रागावले न्हाई. रागवायचं का न्हाई ते तिथं येऊन बघीन. येताना आठ दिवस पुरतील एवढ्या दशम्या बांधून आणते. तुझ्या घरचं चालंना झालं, तर मला उपाशी राहायला नको.

लोभाचं नंतर बोलू.

आज्जी


मुलुंड, ता. ८ फेब्रुवारी १९७८ (पोस्टकार्ड)

ती. आज्जीस सा. न.

स्टेशनवर घ्यायला आम्ही दोघंही येतो. शेजारणीचं नाव काही नाही. बाकीचं समोर बसून सांगेन. दशम्या आण, पण थोड्याच आण.

त्रिशला


॥ श्री ॥
मुक्काम मुलुंड, ता. १९ फेब्रुवारी १९७८

सौ. गुणमालेला सासूचा आशीर्वाद. घरची म्हैस, तुळस आणि तू, तिघी बऱ्या असाल.

हे पत्र तुझी लेक लिहितेय. मी सांगीन ते, जसंच्या तसं लिहायचं आणि खोकायचं न्हाई, असं बजावून बसवलंय.

आधी मुंबई. गुणमाले, लय भारी गाव हाय. दादरच्या दुकानात त्या माणसानं माझ्यापुढं अडतीस साड्या उलगडल्या. आपल्या पेठेत तिसऱ्या साडीला दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते. हा मात्र अडतिसावी घडी मोडून मलाच विचारतो की, आज्जी, दमला न्हाईत ना. मी उठले तर त्यानं हात जोडले. दुसऱ्या दुकानांत जाऊन आले आणि शेवटी त्याच्याकडंच परत गेले. राजमतीला अंजिरी रंगाची, मोरांच्या काठाची घेतली. ओलं फडकं घासून बघितलं, रंग सुटला न्हाई.

मंगळदास मार्केटात त्रिशलाच्या सांगण्यावरनं लाल ताग्याची खूण ठेवली. आमी पुढं गेलो आणि तो तागा कुणीतरी विकत घेऊन गेलं. तुझा नवरा अर्धा तास सापडला न्हाई. सापडला तवा त्याच्या हातात तुझ्यासाठी पोलक्याचं कापड होतं. एवढ्या वर्षांत त्याला पहिल्यांदा सुचलं, ते पण हरवल्यावर.

मारवाडणीच्या पंगतीत मी नऊ फुलके खाल्ले. लाजले न्हाई. तिनं पाणी माझ्यासमोर गाळून दिलं. तिची भाषा मला कळंना, माझी तिला कळंना, पण दोघींची फडकी सारखीच निघाली. समुद्रावर शहाळं घेतलं आणि सवयीनं त्याचं पाणी पण फडक्यातनं गाळलं. शहाळेवाला म्हणाला की, आज्जी, ते झाडानंच गाळून भरलंय. खरं हाय त्याचं. आणि समुद्राबद्दल काय सांगू? पहिला विचार हाच आला की, एवढं गाळायचं म्हटलं तर फडकं कुठनं आणायचं. मग विचार यायचे थांबले. नुसती बघत बसले.

आता पुढचं. त्रिशला, लिही.

पहिल्या दिवशी दिवस मावळायच्या आत मी आणि तुझ्या नवऱ्यानं सज्जात बसून दशमी खाल्ली. तुझी लेक वाढायला होती, पण जेवायला बसंना. भूक न्हाई म्हणाली. जावईबापू साडेआठला आले. मला बघितलं आणि बाहेर खाऊन आलो म्हणाले. पोट त्यांचं वेगळंच सांगत होतं, मला दारापर्यंत ऐकू आलं. दोघं पाणी पिऊन झोपली. दुसऱ्या दिवशी पण तसंच. माझ्यामुळं माझ्याच नातीच्या घरात दोन दिवस चूल गप्प.

तिसऱ्या दिवशी हिला समोर बसवलं. ही म्हणाली, आज्जी, व्हय, मी दिवे लागल्यावर जेवते. (लिही, नीट लिही.) हे सकाळी आठला जातात. कचेरी साडेपाचला सुटते, पण साडेसहाला खात्याच्या परीक्षेचा वर्ग असतो. दिवसभर मी भिंतीशी बोलते. दिवस असताना एकटीनं जेवले तर घास फिरतो. ते आल्यावर ताटाला ताट लावून बसतो, तेवढाच आमचा संसार. तुला कळलं तर चंपाआज्जीच्या दारात बसतेस तशी माझ्या दारात बसशील, याचीच भीती होती. असं म्हणून रडली. आता लिहिताना पण रडतेय. अक्षर फुटलं असलं तर ते पाणी न गाळलेलं हाय.

तुझ्या नवऱ्याला घर राखायला ठेवलं. हिला साडी बदल म्हटलं, चल, जावईबापूंच्या कचेरीपाशी जाऊ. साडेपाचला ते बाहेर आले. त्या एका तासात ते काय करतात ठाऊक हाय? समुद्राच्या कठड्यावर एकटेच बसून शेंगदाणे खातात. हे ह्या बयेला पण ठाऊक नव्हतं.

तिघं कठड्यावर बसलो. ती जैन भेळ घेतली. चार घास झाले आणि मी सवयीनं पुडा खाली ठेवला. दिवस चिंचेच्या उंचीवर आला होता. जावईबापू म्हणाले की, आज्जी, अजून पाऊण तास हाय, बघा की. मी बघितलं. चिंच नव्हती, भिंत नव्हती, काही आडच नव्हतं. सूर्य आपला पाण्याच्या वर निवांत उभा. मी पुडा परत उचलला. भेळ संपली, शहाळं संपलं, वर कुल्फी खाल्ली, तरी तो तिथंच. बायकांनी ओवाळायला तबक धरावं तसा समुद्र त्याच्याखाली चमकत होता.

तवा मला कळलं गुणमाले. लग्न होऊन आल्यापासनं मी सूर्य बघून जेवतच नव्हते. बिराप्पाचं झाड बघून उठत होते. सूर्य पलीकडं असायचा आणि मी अलीकडं ताट धुवायची. आणि त्या चिंचेच्या मापानं मी चंपाला मोजलं. ह्या पोरीला पण मोजायला निघाले होते.

ही दोघं एकाच पुड्यात खात होती. जावईबापू डाळिंबाचे दाणे वेचून हिच्या बाजूला सारत होते. मी समुद्राकडं बघितलं.

काल परत भुलेश्वरला गेलो. माझ्यासाठी लुगडं घ्यायचं होतं ते राहू दिलं. चार पुडांचा स्टीलचा डबा घेतला, घट्ट कडीचा. आता ही जमेल त्या दिवशी डबा घेऊन कठड्यावर जायची, आणि दोघांनी दिवस असताना समुद्राच्या पंगतीला बसायचं. ज्या दिवशी जमणार न्हाई त्या दिवशी काय केलं, ते मी विचारणार न्हाई. केरबाला पण विचारायला लावणार न्हाई.

आज सकाळी हिच्या हातचं जेवले. उरलेल्या दशम्या तुझ्या नवऱ्याला संपवायला दिल्या.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांग, म्हशीला आधी.

तुझी सासू

(हस्ते त्रिशला. आई, मी एक शब्दही गाळला नाही.)


॥ श्री ॥
समडोळी, ता. ६ मार्च १९७८

चि. सौ. त्रिशला आणि चि. धरणेंद्र यांना आज्जीचे आशीर्वाद, दोघांना सारखे.

डबा घेऊन तीनदा गेलीस ते कळलं. शेंगदाणेवाला जावईबापूंना विचारतो म्हणे, तुमी हल्ली शेंगदाणे घेत का न्हाई. बरं झालं. अंजिरी साडी बघायला अर्धी समडोळी येऊन गेली. मुंबईला कुठं घ्यावं आणि कुठं खावं हे आता मला विचारायला माणसं येतात. मी पण सांगते, जन्म तिथंच गेल्यासारखी.

मी अजून दिवस असतानाच जेवते. ते सुटायचं न्हाई, सोडायचं पण न्हाई. फक्त ताट घेऊन माडीवर जाते. तिथनं चिंच आड येत न्हाई.

परवा कुपवाडला गेले. दुपारची वेळ. नेहमीसारखी चंपाच्या दारात बसले आणि म्हटलं, चंपे, पाणी दे. ती जागची हलंना. मला वाटलं ऐकू आलं न्हाई, म्हणून पुन्हा मागितलं. तवा ती आत गेली आणि लगेच भरलेला तांब्या घेऊन आली, वर फडकं बांधलेलं. मी म्हटलं, एवढ्यात गाळलंस कधी? तर म्हणाली, अक्का, दारात तू दिसलीस की मी दरवेळी गाळते. अकरा वर्षं, तू येशील त्या दिवशी एक तांब्या. तू गेलीस की अंगणातल्या जास्वंदीला घालते.

मी सगळं पाणी प्याले. मग अंगणात जाऊन बघितलं. जास्वंद छपराच्या वर गेलीय.

तुझी आज्जी

(हस्ते गुणमाला. इथपर्यंत लिहिलं आणि सासूबाईंना खोकला आला.)