लहानीची सावली

३ एप्रिल २००७, वाशिंद
आले एकदाची. कल्याणची मावशी म्हणाली होती, आगीतून फुफाट्यात चाललीस. पण नोकरी झकास आहे. वाल्मिकसर संगणकावर चित्रकथा काढतात. त्यावर ऊन-सावली चढवायचं काम माझं. ऊन कुठून येतं ते आधी ठरवायचं, मग सावली. सध्या एका चेटकिणीची गोष्ट चालू आहे. जेवण पलीकडच्या पाड्यावरची लहानी आणते, नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी. आल्या आल्या तिने मला काडी म्हणून चिडवलं.

६ एप्रिल
चेटकिणीची सावली मनाने काढता येईना. शेवटी लहानीला सकाळच्या उन्हात अंगणात उभं केलं, फोटो काढला, तिची सावली गिरवून पानोपानी चिकटवली. ती नको म्हणत होती. सावली कुणाला देऊ नये, असं तिची आय सांगायची म्हणे. मी हसले. चित्रं मात्र जिवंत झाली.

११ एप्रिल
एवढ्या उकाड्यात लहानी गोधडी पांघरून आली. थंडी वाजते म्हणाली. अंगात ताप नाही. रिकामा डबा घेऊन ती अंगणातून गेली, तेव्हा मी खिडकीत होते. डब्याची सावली जमिनीवर एकटीच चालली होती.

१२ एप्रिल
सरांना सांगितलं, तर म्हणाले, डोळे तपासून घे. मला वाटलं, सावलीचा लेअर, म्हणजे थर, चित्रावर वेगळा असतो, काढला की गेला, म्हणून फाइल उघडली. संगणक रडतो म्हणून सरांनी सगळे लेअर एक करून टाकलेत. सावली चित्रात मुरली आहे.

१४ एप्रिल
लहानी उठत नाही. पाड्यावर जाऊन आले. हात गार, विहिरीच्या दगडासारखा. तिची पोर दिपिका म्हणाली, बाय, आयला बरी कर ना गो. मला तोंड वर करवेना. हे माझ्यामुळे झालंय.

१५ एप्रिल
पानावरची सावली खोडते, वर जमिनीचा रंग भरते. फाइल बंद करून उघडली की ती परत तिथेच. जागा रिकामी राहत नाही. दुसरी कुणाची तरी दिली तरच — पण कुणाला उभं करू?

१६ एप्रिल
कॅमेरा सरांच्या हातात दिला. अंगणात मीच उभी राहिले.

१८ एप्रिल
लहानी आली. चालत. पायाशी काळीभोर सावली. मला रडू आवरेना. ती माझ्याकडे — नाही, माझ्या पायांकडे बघत होती. भाकरी उंबऱ्यावरच ठेवली. गेली. मागे न बघता.
सर पानं छापायला देऊन आले. हजार प्रती.

१९ एप्रिल
थंडी. खिडकीत बसलेय, उन्हात. गोधडी घेऊन. पेनची सावली वहीवर हलते आहे. बोटांची —