पायाळू माणसाची कंबर

५ जानेवारी, रविवार
सकाळी चार पेशंट. उसण भरलेल्या कमरेला पायाळू माणसाची लाथ लागते, आणि आमच्या कॉलनीत पायाळू मी एकटाच. सगळ्यांचं जन्मताना आधी डोकं येतं, माझे पाय आले. तीस वर्षं ही सेवा करतोय.
शेवटी डोमाजी, बावीस वर्षांपासूनचा पेशंट. तिसऱ्या लाथेला माझ्याच कमरेत चमक भरली. डोमाजी मात्र ताठ चालत गेला, म्हणजे गुण आला. मला थकवा असावा.

६ जानेवारी
कुशीवर वळता येत नाही. मानही आखडली. सत्यवती म्हणाली, "डॉक्टरले दाखवा न." पायाळू माणूस कमरेसाठी दवाखान्यात दिसला तर रविवारी माझ्या दारात कोण येईल? बायकोला एवढंही कळू नये. निश्चय: रोज पहाटे योगासनं.

७ जानेवारी, सकाळी ६.१०
भुजंगासन जमलं. त्यातून परत येणं जमलं नाही. शेजारच्या मनोजने उचललं. त्याला सांगितलं, ध्यान चालू होतं.

९ जानेवारी
नाइलाज. फिजिओथेरपी. अमरावतीत कुणी पाहील म्हणून गुपचूप अकोल्याला गेलो. एसटीत अडीच तास. उरलीसुरली कंबर खड्ड्यांनी घेतली.
वेटिंगमध्ये डोमाजी. कमरेला पट्टा, हातात जाडजूड फाइल.
म्हणाला, "भाऊ, मी तं चार वर्षांपासून येऊन राहिलो. अमरावतीत तुमी पाहान म्हून इकडं येतो. रविवारी तुमचं मन दुखू नये म्हून तिकडं." चार वर्षं हा माणूस माझ्यासमोर पालथा पडून "आता बरं वाटते" म्हणत होता. फार लागलं मनाला.
डॉ. प्रियदर्शनी म्हणाल्या, स्नायू आखडलाय, झोपून राहू नका, थोडं थोडं चाला. बहुतेकांची उसण आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरते. आपोआप! त्याआधी लाथ कोणी मारली, हे बाईंना माहीत नाही. एका पायावर जोर देऊन उभं राहायचं काम करता का, असंही विचारलं. समाजसेवा करतो म्हणालो.

११ जानेवारी
डोमाजी कॉलनीत बोलणारच. त्याआधी मी पायाळू असल्याचा पुरावा हवा. धामणगावच्या गोदाताईला फोन केला. मोठी बहीण. मी जन्मलो तेव्हा नऊ वर्षांची, घरातच होती. म्हटलं, दोन ओळी लिहून दे, फ्रेम करून दारात लावतो.
ताई म्हणाली, "बापू, पायाळू तू नाही, देवमन. लोकं त्याले बोलवत, तू रडून घर डोक्यावर घेत होता. म्हून आईनं तुलेबी पायाळू म्हणलं. मंग कोनी काही बोललंच नाही."
देवमन माझा थोरला भाऊ. दर दिवाळीला येतो. साठ वर्षांत त्यानं तोंड उघडलं नाही.

१२ जानेवारी, रविवार
सकाळीच दाराला कडी घातली. धक्का बसेल म्हणून सत्यवतीला आधी खुर्चीत बसवलं आणि मग सगळं सांगितलं.
ती म्हणाली, लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी सांगितलं होतं. मग इतकी वर्षं का बोलली नाहीस, असं विचारलं. "रविवारी तुमी खुश राहत होते," म्हणाली.
तेवढ्यात दारावर थाप. कुणीतरी कंबर धरून आलं होतं. मी हातानंच नाही म्हणून खुणावलं. तिनं कडी काढली आणि "गावाले गेले" असं सांगून दार लावलं. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. इतकं सहज खोटं बोलता येतं तिला, हे मला आज कळलं.