ई च्या खाली

१० नोव्हें., जळगाव

पाच तारांचा बास गिटार आला एकदाचा. खोक्यातून काढला तर आई म्हणे, "हा तुझ्यापेक्षा उंच आहे." बोटं फिरतात ती मान रुंद, वजन जास्त. सगळ्यात जाड तार, खालच्या सुराची बी, ॲम्प लावून मोकळी वाजवली तर मांडणीतले स्टीलचे डबे थरथरले. आई आतून, "काय पडलं गं?"

शेवटी ड्रमवाल्या रियाजभाईंचं ऐकलं. कीबोर्डवाल्या आबांच्या अंगावरून वारं गेलं, डावा हात गेला, तेव्हापासून आमचा ऑर्केस्ट्रा खालून पोकळ वाजतो. आबा कीबोर्डवर डाव्या हाताने खालचे सूर धरून ठेवायचे. नव्या कीबोर्डवाल्याला ते येत नाही, तो उजव्या हाताचा गडी. माझा बास चार तारांचा, खाली ई या सुरापाशी संपायचा. त्याखालचं सगळं आबांचं. मी नवी होते तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी, "ई च्या खाली येऊ नकोस वर्षा. तिथं मी आहे."

आबांना अजून सांगितलेलं नाही.

१३ नोव्हें.

अंगठा ऐकत नाही. वरची तार म्हणजे ई, हे बोटांना इतकी वर्षं पाठ. आता तिथे बी. न बघता वाजवलं की सा ऐवजी खालचा प. सगळं गाणं एक मजला खाली. स्वतःच्याच घरात भलत्या खोलीत शिरल्यासारखं.

कामावर लॅबमध्ये केळीची रोपं बाटलीत लावताना चिमटा दोनदा निसटला. करंगळी दुखतेय. मान रुंद आहे ना. सवय होईल.

१६ नोव्हें., रवि. धुळे

प्रॅक्टिस रि.भाईंच्या गादी कारखान्यात, नेहमीप्रमाणे. चारी बाजूंनी कापसाचे गठ्ठे, आवाज बाहेर जात नाही. रि.भाई ड्रमवर. डी सुरातलं एक संथ गाणं घेतलं. मुखडा संपताना मी पहिल्यांदा खालच्या डी वर उतरले.

रि.भाईंनी वाजवणं थांबवलं. दाराकडे बघत होते.

"काय झालं?"

"काही नाही. आबा आले वाटलं."

हसले. मग बराच वेळ काठ्या नुसत्या मांडीवर. चहा आला, तोही गार झाला.

२३ नोव्हें., रवि. देवपूर, धुळे

प्रॅ. आधी आबांकडे. बास बरोबर होता, रि.भाईंकडे ठेवून जायला हवा होता. पण बस स्टँडवरून देवपूर आधी येतं... नाही, खरं म्हणजे दाखवायचाच होता.

आबा खिडकीजवळ खुर्चीत. डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला, त्यांच्या पत्नी अक्का ठेवतात तसा. आजारानंतर त्यांची शहरी मराठी गेली. स्टेजवर इतकं ठाकठीक बोलणारा माणूस, आता फक्त अहिराणी. अक्का म्हणतात, "लहानपणीचं तेवढं राहिलं."

"कसं वाटतंय आबा?"

"बठ्ठं ठीक शे."

मी बास काढला. त्यांची नजर वर खुंट्यांवर गेली.

"पाच?"

मी मान हलवली.

"म्हंजे मी गया."

अक्का म्हणाल्या, "असं नका ना बोलू पोरीला." मग आबाच म्हणाले, "वाजाड." छोटा ॲम्प लावला. डी धरला, लांब. आबांनी डोळे मिटले.

अक्कांच्या हातातली साखरेची वाटी खाली पडली. उशीवर आबांची करंगळी हलली होती. मीही पाहिलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा हलली.

अक्का रडायला लागल्या. आबा डोळे मिटूनच होते.

प्रॅ. ला उशिरा पोचले. रि.भाईंना सांगितलं तर ते खाली कापसावर बसले.

२६ नोव्हें.

अक्कांचा फोन. व्यायाम करून घ्यायला येतो त्या फिजिओला विचारलं. तो म्हणाला, होतं असं, नस हळूहळू जागी होते, योगायोगही असेल. पण गाणं चालू ठेवा, तोटा नाही. अक्कांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलंय. "दर रविवारी ये बेटा. जेवायलाच ये."

हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं होतंच काय.

७ डिसें., रवि.

सकाळी देवपूर, दुपारी प्रॅ. गेल्या रविवारसारखंच. आबांच्या करंगळीबरोबर आता शेजारचं बोटही. अक्कांनी भरीत-भाकरी केलेली, वर तेल सोडून. आबा जेवले नाहीत फारसे. माझ्याकडे बघत होते.

प्रॅ. मध्ये देवीच्या गाण्यात कडव्याच्या शेवटी माझ्या हातून एक छोटी जागा गेली. तीन सूर खाली आणि परत वर. रि.भाई लगेच, "ही तर आबांची!"

"मी कधी शिकले नाही."

"इतकी वर्षं शेजारी उभी आहेस, कानात राहिली असेल."

असेल. पण वाजवताना मला पुढचा सूर माहीत नव्हता. बोट गेलं, मग मला कळलं.

१५ डिसें.

काल रावेरला प्रोग्राम. केळीच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न, मांडवाबाहेर मालाचे ट्रक उभे, सगळीकडे चिकाचा वास. गर्दी चांगली. संथ गाण्यात मी समेच्या आधीच खाली उतरले. एकदा नाही, प्रत्येक कडव्याला.

ही आबांची खोड. सम यायच्या आधी खालचा सूर धरून बसायचे. त्यावरून रि.भाईंशी किती वाद. मी कायम रि.भाईंच्या बाजूने. मला ते आवडायचंच नाही.

येताना गाडीत रि.भाई, "वर्षा, तू मुद्दाम केलंस का?"

"नाही."

"मग थांबव ना."

थांबवायचं कसं ते मात्र त्यांना सांगता येईना.

१९ डिसें.

डावी करंगळी झोपून जाते. आज लॅबमध्ये, मग रिक्षात. टोचून पाहिलं, कळत नाही. मग थोड्या वेळाने मुंग्या येऊन जागी होते.

कोणती करंगळी ते लिहिताना हात थांबला.

२२ डिसें.

डॉक्टरला दाखवलं. कोपराजवळची नस दाबली जातेय. जड वाद्य, रुंद मान, हात सारखा वाकवून. आराम द्या, पट्टा बदला, पुन्हा जुनं वाद्य वाजवून बघा. साधी गोष्ट, म्हणाला. त्याच्या टेबलावर कोपराची प्लास्टिकची हाडं होती, त्यावर दाखवलं सगळं. पटलं.

घरी येऊन आईला सांगताना मात्र आबांचं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "मग सोड की तो मोठा."

काल देवपूरला गेले नव्हते. बरं नाही म्हणून कळवलेलं.

२९ डिसें.

धरणगावला हळदीचा कार्यक्रम, चार तारांवर. अंगठा जागेवर, बोटं जागेवर. करंगळी अजिबात झोपली नाही. पाहुणे नाचले. रि.भाई खूश, "हे बघ, आपलीच वर्षा." खाली पोकळच वाजलं, पण हळदीत कोण ऐकतंय.

तरी एकदोनदा ई च्या खाली जायला हात वर सरकला. तिथे तार नव्हती. नुसतं लाकूड.

२ जाने.

अक्कांचा फोन. आबांचं बोट बंद झालंय. मी येत नाही तेव्हापासून. फिजिओ म्हणतो, थंडी आहे, असं वरखाली चालायचंच.

"अक्का, माझा हात दुखतो हो."

"थोडंच वाजव. एकदाच. मी पाया पडते तुझ्या."

वयाने आईएवढी बाई. फोन ठेवल्यावर मी करंगळी वाकवून पाहिली. सरळ करून पाहिली.

रि.भाईंना विचारलं. म्हणाले, "जा. किंवा नको जाऊ. माझ्या घरचं असतं तर मी तुला उचलून नेलं असतं. म्हणून मला विचारू नकोस."

११ जाने., रवि. देवपूर

गेले. पाच तारांचाच घेऊन.

अक्का स्वयंपाकघरात होत्या. मी ॲम्पची वायर जोडत होते. आबांनी उजव्या हाताने माझी बाही धरली, ओढली. तोंड जवळ आणलं.

"ते मी नई हालाडत."

"काय आबा?"

"बोट. मी नई हालाडत. आपलं आपलंच हालस." मग दम घेऊन, "कोन हालाडस त्याले?"

मी म्हटलं, नस जागी होतेय आबा, चांगलंच आहे. फिजिओचंच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकावं तसं.

"माले भ्याव वाटस," म्हणाले. "तू वाजाडस ना, तव्हय मना हातमा कोनी बठेल शे असं वाटस." आणि मग, स्वयंपाकघराकडे बघून, "हिले सांगू नको."

मला माझ्या रावेरच्या रात्रीचं सांगायचं होतं, तुमच्या जागा माझ्या हातात येतात, आबा. तुमची खोडसुद्धा. बोलणार तेवढ्यात अक्का आल्या. चहा ठेवला, खुर्ची ओढली, आबांचा डावा हात उशीवरून उचलून स्वतःच्या दोन्ही तळव्यांत घेतला. इतक्या आशेने बघत होत्या माझ्याकडे.

मी आबांकडे पाहिलं, की नको म्हणा, एकदा म्हणा. त्यांनी अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "वाजाड."

बास मांडीवर घेतला. ॲम्पचा आवाज अजून बंदच होता. डावा हात बासच्या मानेवर ठेवला, डी वर बोट नुसतं टेकवलं.

"हललं!" अक्का म्हणाल्या. "हललं गं, दोन्ही बोटं! थांबू नको!"

आबांनी डोळे उघडले. अक्कांचे डोळे भरलेले, त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं.

मी अजून तार छेडलीच नव्हती. अक्कांना ते सांगितलं नाही. आबांनीही सांगितलं नाही.