लष्कराच्या पार्सलातला लोकरी कोट

४ जानेवारी

आलं: साबणाच्या दोन वड्या, मागच्या खेपेपेक्षा महाग. रॉकेल एक बाटली. आणि लष्कराचं पार्सल, भाऊजींचं सामान. ते सोडवायला साबण-रॉकेल मिळून झाले त्याहून जास्त पैसे पडले! माणूस तिकडे इस्पितळात, डोळ्यांवर पट्टी. आणि लष्कराला त्याचा दाढीचा ब्रश घरी पोचवायची घाई.

मेणकापडात घट्ट शिवलेला लोकरी कोट निघाला. नवाकोरा म्हणावा असा. जरा दमट, लसणासारखा वास. "आधी धुऊन टाक," हे म्हणाले. या थंडीत लोकर धुतली तर आठवडा वाळायची नाही. चुलीजवळ टांगला, खिडक्या लावून घेतल्या. रात्री लेकीच्या अंगावर घातला. देवा, तुझीच कृपा, यंदा नवं पांघरूण घ्यायला नको.

५ जानेवारी

पहाटे लेक किंचाळत उठली. डोळे उघडेनात! माझ्या हातांवर टपोरे फोड, विस्तवाला हात लागलेला नसताना. माझा आवाजही बसलाय. हे डॉक्टरांकडे धावले आहेत.

६ जानेवारी

काल फोडांनी पुढचं लिहवलं नाही. डॉक्टर म्हातारे, सावकाश चालणारे; पण कोटाचा वास आला मात्र, दारातूनच ओरडले, "बाहेर काढा तो! काठीनं!"

मग म्हणाले, "बाई, हा लढाईतला विषारी वायू. कापडात मुरून बसतो, ऊब मिळाली की उठतो. लागला तेव्हा कळत नाही, काही तासांनी अंगावर येतो."

ऊब मीच दिली. रात्रभर.

"धुऊन टाक म्हटलं होतं!" हे. डॉक्टरांनीच गप्प केलं त्यांना, "धुतला असता तर हिचे हात आणखी गेले असते."

९ जानेवारी

"आई, दिवा लाव ना." भर दुपारी!

१२ जानेवारी

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लष्कराच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "वायू? ना शत्रूकडे आहे, ना आपल्याकडे." भाऊजींच्या कागदावर लिहिलंय 'छातीत सर्दी'. सर्दीनं डोळे जातात होय?

फडकं सोडून दोन्ही हात टेबलावर ठेवले. साहेबांनी आपल्या फायली मागे ओढल्या! "उकळतं तेल सांडलं असेल."

म्हटलं, "साहेब, सांडायला घरात तेवढं तेल तरी हवं."

१६ जानेवारी

लेकीचा डावा डोळा उघडला. खिडकी कुठे आहे ते तिनं बोटानं दाखवलं. पण श्वासात शिट्टी वाजते. छाती जन्मभर जपावी लागेल म्हणतात. सहा वर्षांची पोर, जन्मभर म्हणजे किती!

देवापुढे बसले, तर प्रार्थना सुचेना. शत्रूला शिव्याशापच तोंडातून निघाले. त्यांच्या बायकापोरांनासुद्धा. ऐकलं असेल देवानं तर ऐको.

२१ जानेवारी

भाऊजी आले. ह्यांनी हात धरून आणलं. आवाज गेलाय, नुसती कुजबुज. बसतात न बसतात तोच विचारलं, "वहिनी, कोण खोकतंय?"

"तुमची पुतणी." सगळं सांगितलं. भाऊजी माझ्या आवाजाकडे सरकले. मग म्हणाले, "मी आघाडीवर गेलोच नाही, वहिनी. कोठारात होतो. वायूची नळकांडी भरायला."

"कुणाची नळकांडी?"

"आपलीच. एक फुटलं."

ह्यांनी उठून दार लावलं. "हळू बोल!" म्हणे. आता आणखी किती हळू बोलतील ते!

"घरी बोलाल तर तुरुंगात घालू म्हणाले होते," भाऊजी म्हणाले. "कोट आम्हा सगळ्यांचे एकाच भिंतीला टांगलेले असायचे. सगळ्यांच्याच घरी पाठवले असतील."

२२ जानेवारी

भाऊजींना आठवले तेवढे पत्ते लिहून घेतले. हे म्हणाले, "तुरुंगात जाशील." जाईन. हात नीट वळत नाही, अक्षर वेडंवाकडं आलंय. प्रत्येकीला तेच लिहिलं:

"ताई, आपली ओळख नाही. लष्कराकडून कोट आला असेल तर पार्सल उघडू नका. उघडलं असेल तर मुलांना घेऊन आधी घराबाहेर पडा. मुलं कशी आहेत, तेवढं उलट टपाली कळवा."