रॉकेटचं गाऱ्हाणं

ती. आनंदीअक्कास,

मालवणहून अजयचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींच्या कलमांचा मोहर, दोन्ही यंदा टिकून असावेत. (भाच्यांची चौकशी शेवटी करीन. डोकं तापलंय, राहिली तर समजून घे.)

आमची अवनी परदेशात निघणार आहे. नोकरी रॉकेटच्या कंपनीत. ते रॉकेट म्हणे माणसं आणि टनावारी सामान घेऊन मंगळावर जाणार आणि त्यातलं काहीही फुकट जाणार नाही. खालचा भाग वरच्याला ढकलून देऊन उडाल्या जागी परत उतरणार, वरचा मंगळ गाठून घरी येणार, आणि तेलपाणी झालं की दोघं पुन्हा निघायला मोकळे. (आमचा मिक्सर दुरुस्तीला गेलाय तो अजून आलेला नाही, पण ते असो.)

तरी मी गप्प होतो. रविवारी देवळात गाऱ्हाणं घालायला गेलो तेव्हा मात्र भडकलो. अवनीने गुरवाला आधीच रॉकेट समजावून ठेवलेलं, आणि गुरव पडला चोख माणूस! नारळ हातात धरून तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा, खालचो भाग सुखरूप खाली येवंदे." सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग म्हणाला, "वयलो भाग मंगळार जावन परत येवंदे." पुन्हा "व्हय म्हाराजा!" आणि फोडला नारळ. संपलं! रॉकेटचे दोन्ही भाग परत मागितले, माझी मुलगी मागायची राहिली!

मी जाब विचारला, तर गुरव शांतपणे म्हणतो, "अरे, यंत्राक वाट म्हायत नाय, चेडवाक म्हायत आसा." मग मीच हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, की देवा, हिला जाऊच देऊ नकोस. अक्का, एकानेही "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. सावित्रीसुद्धा, माझी लग्नाची बायको, खांबाकडे बघत उभी! एवढा अपमान माझा आजवर झाला नव्हता.

तुझा संतापलेला भाऊ,
अजय

ता. क. तुमच्या देवळात एक नारळ ठेव आणि अवनी वर्षातून एकदा तरी घरी येऊ दे असं माग. रॉकेटचं नाव काढू नकोस.

आणखी एक. तिचा व्हिसा अडकलाय. पोरगी दोन दिवस धड जेवलेली नाही. आधी तेवढा व्हिसा माग, परत यायचं मागाहून बघू.