किनारेवाल्यांचा सातवा नियम

दि. ३ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार ते आधी कळवा. बल्ब बदलायला फिरत्या स्टुलावर चढू नये हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलं होतं, म्हणून जास्त बोलत नाही.

बातमी अशी, की मंडळ आपल्या खेळाचं नवं पुस्तक काढतंय आणि दोन्ही फौजांच्या याद्या नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. दिवसभर दातांच्या कवळ्या घडवणारी तुमची भिंगरी आता फौजा घडवणार! आई म्हणाली, दोन्ही कामांत दात पाडायचेच असतात. तिला हसू आवरत नव्हतं.

मामी हे पत्र तुमच्याआधी वाचणार, म्हणून तिच्यासाठी थोडं सांगते. मामी, टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून, फासे टाकून लढायचा हा खेळ. एका बाजूला समुद्रातून नुकतेच उतरलेले जहाजवाले, दुसऱ्या बाजूला तिथेच राहणारे किनारेवाले. कोणाकडे किती माणसं, कोणती हत्यारं, हे यादीत लिहिलेलं असतं. प्रत्येक तुकडीला तिच्या ताकदीप्रमाणे पॉइंट असतात आणि दोघांनी पाचशे पॉइंटांत आपली फौज बसवायची असते. म्हणजे यादी लिहिणाराच निम्मी लढाई आधी लढून ठेवतो.

आता तक्रार. जुन्या यादीत जहाजवाल्यांच्या अकरा प्रकारच्या तुकड्या आहेत, ढोल वाजवणाऱ्यासकट. किनारेवाल्यांच्या तीनच: भालेवाले, तिरंदाज आणि ‘जमाव’. वर तो सातवा नियम: किनारेवाल्यांचा सरदार पडला की उरलेली सगळी फौज त्याच फेरीत पळून जाते. जहाजवाल्यांचा कप्तान पडला तर? काही नाही. दुसरा कप्तान होतो. त्यामुळे किनारेवाले आजवर एकदाही जिंकलेले नाहीत आणि नव्या सभासदाची जिरवायची असली की त्याच्या गळ्यात तीच बाजू मारतात. माझ्याही मारली होती.

आपला खेळ ज्या खऱ्या लढायांवर बेतलाय, त्या काळातल्या जहाजवाल्यांच्या दारूगोळ्याच्या मागण्या मी गेले दोन महिने वाचत होते. किनाऱ्यावरचा मोठा सरदार पडला त्याच्या पुढच्या आठवड्यात जहाजवाल्यांनी दुप्पट बंदुकीची दारू मागवली आहे, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिप्पट. पळून गेलेल्या लोकांवर कोणी इतकी दारू जाळतं का?

तेव्हा मी सातवा नियम काढणार आहे. तो तुम्ही लिहिलाय हे माहीत असून काढणार आहे. आधी तुम्हाला सांगते, मग मंडळाला.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

तुमची
भिंगरी

&nbsp;

दि. ११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. रागावलो आहे, पण आशीर्वाद आधी.

प्लास्टर निघायला अजून दीड महिना आहे. दुकान तुझी मामी सांभाळते. शिलाई मशिनची शटल ती माझ्यापेक्षा पटकन बसवते हे गिऱ्हाइकांना कळलंय, त्यामुळे माझी चौकशीही कोणी करत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तू जन्मली नव्हतीस तेव्हा आम्ही पाच जणांनी हे मंडळ काढलं. सैनिक आम्ही ओतले, रंगवले मी. पुस्तकं मिळत नव्हती. जहाजवाल्यांच्या एका कप्तानाचा छापील अहवाल तेवढा मिळाला, त्यात सरदार पडताच शत्रूने पाठ दाखवली असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते घेतलं. त्यात माझं काय चुकलं?

आणि खरं सांगायचं तर खेळ संपायलाही हवा होता. सभागृहाचा रखवालदार सहाच्या ठोक्याला किल्ली हलवत दारात उभा राहायचा. किनारेवाले संख्येने दुप्पट, ते मरता मरायचे नाहीत. चार रविवार खेळ अर्धवट उचलावा लागला, तेव्हा सातवा नियम लिहिला. मग साडेपाचपर्यंत सगळं आटोपायला लागलं. सगळे खूश होते.

अध्यक्षांच्या, म्हणजे आपल्या ‘कर्नलां’च्या वाटेला जाऊ नकोस. कर्नलांचा जन्म विमा कचेरीत गेला असला तरी मिशा खऱ्या आहेत आणि डोक्यात राख घालून घ्यायला त्यांना वेळ लागत नाही. तुझ्या हातून कामच काढून घेतील. बाकी यादी हवी तशी लिही, ढोलवाले दोन्हीकडे दे, पण सातव्या नियमाला हात लावू नकोस. मामाचं एवढं ऐक.

ताईला नमस्कार. आमच्यावरचा लोभ यादीतून वगळू नये.

तुझा
मामा

&nbsp;

दि. १९ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग इतकी चिडले की हातातली कवळी पडली. एका गृहस्थांचे वरचे सगळे दात मला पुन्हा करावे लागले.

म्हणजे रखवालदाराच्या किल्लीपायी? एक अख्खी फौज तीस वर्षं पळतेय ती सभागृह सहाला रिकामं करायचं म्हणून? आणि आमच्या मंडळातली शिकलीसवरलेली माणसं मला तोंड वर करून सांगतात की ते लोक होतेच तसे, पुस्तकात लिहिलंय! कप्तानाच्या अहवालाचं म्हणाल, तर शत्रू पळाला असं न लिहिणारा एक तरी कप्तान मला दाखवा.

तुमचं ऐकलं नाही, मामा. मी मंडळात उभी राहून सांगितलं की सातव्या नियमाखाली माझं नाव जाणार नाही. कर्नल म्हणाले की मग नाव दुसऱ्या कोणाचं जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या, पण आधी खेळून बघा. बराच आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं की तीस सप्टेंबरच्या रविवारी माझ्या यादीची चाचणी. खेळ सहाच्या आत संपला नाही किंवा फौज टिकली नाही, तर सातवा नियम आहे तसा राहणार आणि काम माझ्याकडून जाणार. जहाजवाले स्वतः कर्नल खेळणार. किनारेवाले खेळायला एकही सभासद तयार नाही, सगळ्यांनी एकदम चंबूगबाळं आवरलं. तेव्हा मीच खेळणार.

एक विचारते, रागावू नका. आजोबा दुकानात काम करता करता खाली कोसळले आणि गेले. ते आपल्या घरचे सरदारच होते ना? त्या दिवशी आपल्यातलं कोण पळालं? दुकान दुसऱ्या दिवशी उघडं होतं, असं आजी सांगायची. तुम्ही एकोणीस वर्षांचे होतात, सगळं डोळ्यांनी पाहिलंत, आणि तरीही हाच नियम लिहिलात? मी आईलाही विचारलं. ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली आणि म्हणाली, ते तुझ्या मामालाच विचार. म्हणून विचारतेय.

भांडतेय म्हणजे लोभ आहे असं समजावं.

तुमची
भिंगरी

&nbsp;

दि. २ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बारा दिवस लागले. तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं आहे आणि ते मामीच्या हवाली करतोय, म्हणजे मला फाडता येणार नाही.

तू विचारलंस कोण पळालं. मी पळालो.

बाबा पडले तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर होतो. त्यांच्या हातातला पाना माझ्या पायाशी आला. मी तो उचलला नाही. आई धावत आली, ताई आली, आणि मी मागच्या दाराने निघालो, बस पकडली आणि एका मित्राच्या गावी जाऊन राहिलो. बाबांना शेवटचं पोचवायलाही नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुकान आईने आणि तुझ्या आईने उघडलं. ताई माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. मी चौथ्या दिवशी परत आलो. ताईने हे तुला कधी सांगितलं नाही, यावरून ती कशी आहे ते समजून घे.

तर कप्तानाचा अहवाल खरा आणि किल्लीही खरी, पण यादी लिहायला बसलो तेव्हा मला मुळी शंकाच आली नाही. सरदार पडला की माणसं पळणारच, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी पळालो होतो. आणि किनारेवालेच का, जहाजवाले का नाहीत? कारण किनारेवाले आपल्यासारखे वाटले. मी माझी एकट्याची पळपुटेगिरी एका अख्ख्या किनाऱ्याच्या नावावर लिहिली. ज्या दोघी जागच्या हलल्या नाहीत त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या, पण यादीत मी त्यांना ‘जमाव’ म्हटलं. मला याची लाज वाटते.

तुझ्याशी भांडलो ते विसर. पार्सलने एक खोका पाठवतोय. त्यात चोवीस घोडेस्वार आहेत, किनारेवाल्यांचे. तेव्हाच ओतले होते, पण यादीत घेतले नाहीत, आणि नंतर रंगवावेसे वाटले नाहीत. या बारा दिवसांत रंगवले. हात थोडा थरथरतो, तेव्हा घोड्यांच्या डोळ्यांकडे फार निरखून पाहू नये.

यादीत त्यांचं काय करायचं ते तू ठरव. कर्नलांना घाबरू नकोस. त्यांना पहिला फासा मीच धरायला शिकवला होता.

आशीर्वाद आहेत आणि जरूर पडली तर आणखी मागवावेत.

तुझा
मामा

ता. क. मी मामी. जेवायच्या टेबलावर बारा दिवस घोडेच घोडे होते, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. मला हे सगळं लग्नाच्या आधीच सांगितलं होतं हो त्यांनी. मी तरीही केलं. त्या विमावाल्याला सोडू नकोस.

&nbsp;

दि. १ ऑक्टोबर

ती. मामांस व सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आईला दिलं नाही, पण ते तिला मिळालं. ते टेबलावर होतं आणि मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ती खिडकीशी बसून खोक्यातला एकेक घोडा पुसत होती. एवढंच म्हणाली की रंग चांगला दिलाय त्याने. मग बराच वेळ रडली, आणि मीही.

सातवा नियम मी काढला नाही, मामा. बदलला. तुमच्या पत्रावरून लिहिला. सरदार पडला, मग तो कोणत्याही बाजूचा असो, की प्रत्येक तुकडीसाठी वेगळा फासा टाकायचा. काही ठाम राहतील, काही टेबल सोडतील. पण सोडून गेलेली तुकडी त्यानंतरच्या चौथ्या फेरीला परत येऊ शकते. ‘जमाव’ हा शब्दच काढून टाकला. तिथे आता नावाडी आहेत, पाणी वाहणारे आहेत, आणि घर राखणाऱ्या बायका आहेत, ज्यांना फासा टाकावाच लागत नाही. त्या हलत नाहीत. आणि सहाच्या आत आटपावं म्हणून फेऱ्या बाराच ठेवल्या, दोन्ही बाजूंना सारख्या.

कर्नल म्हणाले की पळपुटे परत आणणारी यादी त्यांनी जन्मात पाहिली नाही. फार घासाघीस झाली. शेवटी एका अटीवर चाचणी होऊ दिली: परतलेल्या तुकडीचे पॉइंट निम्मे आणि ताकदही निम्मी. एकदा पळालेला तो पळालेला, म्हणाले. तेवढ्यावर मी मान डोलावली.

आता ऐका. मला नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडता येते ती उथळ जागा, राखायची होती, त्यांना ती ओलांडायची होती. पाचव्या फेरीत त्यांच्या तोफेने माझा सरदार पाडला. सगळं सभागृह हसलं, दोघे तर टोप्या घालून निघालेसुद्धा. मी फासे टाकले. भालेवाले राहिले, तिरंदाज राहिले, नावाडी राहिले. तुमचे चोवीस घोडेस्वार पळाले. मी ते उचलून खोक्यात ठेवले. कर्नलांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळी फौज उतारावर सोडली. सहा, सात, आठ, तीन फेऱ्या माझी माणसं दर फेरीला एकेक पाऊल मागे सरत लढली. टोपीवाले दोघे परत येऊन खुर्च्यांवर उभे राहिले. नवव्या फेरीला मी फासा टाकला आणि खोका उघडला. घोडेस्वार त्यांच्या तोफेच्या पाठीमागून आले. निम्म्या ताकदीचे होते, तरी पुरले. बारावी फेरी संपली तेव्हा उतार आमच्याकडे होता आणि घड्याळात पावणेसहा वाजले होते.

तरीही मंडळाने मत घेतलं आणि ते तीन विरुद्ध दोन असं गेलं. जुना सातवा नियम संस्थापकांच्या नावाचा आहे, तो हलवता येत नाही, माझा मागच्या पानावर ‘हौशींसाठी’ म्हणून बारीक अक्षरात छापू, म्हणाले. मी सांगितलं, माझी अख्खी यादी घ्या नाहीतर एक ओळही घेऊ नका. वही उचलून घरी आले. आता पुढे काय ते ठाऊक नाही, पण मला पश्चात्ताप नाही.

दोघांनीही लोभ ठेवावा, आणि तो बारीक अक्षरात नसावा.

तुमची
भिंगरी

&nbsp;

दि. ७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्लास्टर काल निघालं. आज पहिल्यांदा चालत पोस्टात गेलो आणि मंडळाला रजिस्टर पत्र टाकलं. मामी सोबत यायला निघाली होती, तिला नको म्हटलं.

मंडळाला लिहिलं ते असं. सातवा नियम माझा आहे, पुस्तकात त्याच्याखाली माझं नाव आहे, आणि मी तो माझ्या हयातीत, शुद्धीवर असताना मागे घेत आहे. तो मी दोन कारणांनी लिहिला: सभागृह सहाला रिकामं करायचं होतं, आणि वडील पडले तेव्हा मी स्वतः पळालो होतो. किनाऱ्यावरच्या लोकांचा त्यात काही दोष नाही. हे पत्र मंडळाने सभेत मोठ्याने वाचावं, वाटल्यास छापावं. आणि संस्थापकाच्या नावाचाच नियम हवा असेल, तर माझं नाव माझ्या भाचीने लिहिलेल्या नियमाखाली तिच्या नावानंतर घालावं. आता त्यांना तुझी यादी छापावी लागेल, नाहीतर पुस्तकच बंद ठेवावं लागेल. कर्नल तणतणतील, त्यांना तणतणू दे.

ताईला मी वेगळं पत्र लिहिलंय. इतक्या वर्षांनी तिची माफी मागितली.

तुझ्या यादीत मात्र एक चूक आहे, ती छापायच्या आधी दुरुस्त कर. ते निम्मं काढून टाक. कर्नलांच्या त्या अटीवर तू मान डोलवायला नको होतीस. मी चौथ्या दिवशी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिलो तेव्हा आईने वर पाहिलं. कुठे होतास असं विचारलं नाही. बाबांच्या शेजारचं माझंच स्टूल पायाने पुढे सरकवलं, बाबांचा पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाली की आज संध्याकाळपर्यंत सहा मशिनी द्यायच्या आहेत, तीन तिच्या, तीन माझ्या. दीड नाही म्हणाली, भिंगरी. तीन म्हणाली.

परत येणाऱ्याचे पॉइंट पूर्ण धर.

तुझा
मामा