लोंबकळणारे पाय

प्रिय लवंगी,

शाळा सुटल्यावर थांब्यावर बसची वाट पाहत आपण दोघी दप्तरांवर बसायचो, आठवतं का गं? तुझ्या दप्तरातली कंपासपेटी तुला टोचायची आणि तू सारखी चुळबुळ करायचीस. सिस्टरनी पाहिलं की त्या कपाळाला हात लावायच्या. पुस्तकांवर बसतात का शहाण्या मुली! शेवटी एकदा शिवणाच्या तासाला तूच माझ्या कानात म्हणालीस, थांब्यावर बाक हवा, आपणच मागू या. मग शिवणाची पिवळी टेप घेऊन आपण फुटपाथ मोजला आणि नगरपालिकेला अर्ज केला. डोकं तुझं, अक्षर माझं.

इंजिनिअरसाहेबांनी आपल्याला भेटायला बोलावलं, त्या दिवशी मात्र तुझ्या आईने तुला लोकरीचा गुंता सोडवायला घरी बसवलं. चार पुरुषांत मुलींचं काय काम, म्हणाल्या. मी एकटीच गेले. साहेबांनी कागद पाहून विचारलं, "बाकाची उंची कुठंय?" अगं, कापड मोजायची सवय आपल्याला! आपण लांबी लिहिली होती, रुंदी लिहिली होती आणि उंची साफ विसरलो होतो. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं. मी म्हटलं, माझी मैत्रीण बुटकी आहे हो. तर हसून म्हणाले, "मग ती पाय हलवत बसेल!" वर्गात मला शिडी म्हणायचात तुम्ही. त्या शिडीच्या मापाचा बाक झाला, सिमेंटचा, भक्कम. आपल्या केसांचा रंग गेला, बाक मात्र आहे तसाच आहे.

इकडे माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, म्हणून व्हरांड्यात बसून समोरचा आपला तोच थांबा बघते. करमणूक होते. गेले काही आठवडे तर नाटकच चालू आहे, आणि त्याची सूत्रधार तुझी नात. ती आणि तिचे मित्रमैत्रिणी माझ्याच व्हरांड्यात खोकी ठेवतात. खोक्यांवर फळ्या रचून त्यांनी खोटा बाक केलाय. फळी काढली की ठेंगणा, घातली की उंच. बससाठी थांबलेल्या माणसांना त्यावर बसवतात आणि विचारतात. एका आजोबांना तिने विचारलं, "आता कसं वाटतंय?" ते म्हणाले, "पोरी, बसायला सगळेच बाक चांगले, उठायला सांग!" भाजीवाली तर बसेचना. "माझं राहू दे, आधी टोपलीला जागा कर." मुलांनी लगेच बाजूला टोपलीसाठी फळी जोडली. आता त्यांच्या बाकाला दोन उंच्या आहेत, उठताना धरायला कठडा आहे आणि पाय टेकवायला खाली दांडी. माझ्या जुन्या टेपने मोजून सगळं कागदावर उतरवलंय. नगरपालिकेच्या अधिकारीबाईंनी शनिवारी सकाळी त्यांना बोलावलंय. पसंत पडलं तर शहरातले नवे थांबे त्या मापाने होतील.

काल तुझी नात एकटीच आली आणि टेप माझ्या हातात ठेवून म्हणाली, "शिडीआजी, ही तुमची तुम्हाला. आमची आजी शनिवारी जायला नको म्हणते." वर तुझीच बाजू घेत होती हो! परीक्षा जवळ आलीय, आजीचंही बरोबरच आहे, रस्ते सुधारणं हे मोठ्यांचं काम. तुझाच आवाज ऐकल्यासारखा वाटला मला. खरं सांगू? तुझा नाही, तुझ्या आईचा.

मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, हे बाकाचं खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून? आधी सांगेना. मग म्हणाली, थंडीत तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. थांब्यावर आपल्याच बाकावर बसला होतात, बस उशिरा आली. लोंबकळून तुझे पाय बधिर झाले होते, उठताना तुझा तोल गेला आणि तिने तुला सावरलं. तेव्हा तू ओशाळून म्हणालीस, "माझीच मेली उंची कमी." ते तिच्या मनाला लागलंय, लवंगी. मला म्हणाली, "आजीची उंची बरोबर आहे. बाक चुकलाय." हे तिने तुला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. म्हणून हे पत्र. त्या दिवशी साहेबांच्या खोलीत तू असतीस, तर साहेबांना दोन मापं घ्यावी लागली असती. आता शनिवारी अधिकारीबाईंच्या खोलीत ती नसली, तर पुन्हा कुणातरी शिडीचंच माप लागेल.

सोबत पिशवी पाठवतेय. त्यातली पिवळी टेप नातीची. पुन्हा परत घेणार नाही म्हणावं. बिस्किटांचा डबा तिच्या टोळीला, खुशाल दंगा करत वाटून घ्या म्हणावं. लाकडी पाट तुझा. नवा बाक होईपर्यंत थांब्यावर पायाखाली घे, लाजू नकोस. अधिकारीबाईंना काय द्यायचं, ते पिशवीत नाही. शनिवारी नातीबरोबर तू स्वतः जा, खुर्चीवर बस आणि तुझ्या गुडघ्याचं माप त्यांना दे.

तुझीच,
शिडी